ग्रूशीला पाठवलेली चिठ्ठी

३ मे

चि. बटण्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा सोडला तर आईही ठीक. तू बरा असशील, वर डोंगरावर अजून गारठा असेल आणि तू कानटोपी घालत नसशील, हे मी न विचारता धरून चालते. सहा वर्षं नव्या वर्षाच्या कार्डावर एवढंच लिहीत आले, त्यामुळे ही वाक्यं हात आपोआप लिहितो. आज मात्र कार्ड नाही, सबंध पत्र आहे. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. एक काम काढलंय.

बाबांचं शिवणाचं दुकान बंद केल्यावर मी नोकरी धरली, एवढंच तुला ठाऊक असेल. ती पेंटबॉलच्या मैदानावरची आहे. हस रे, हस. गावाबाहेरच्या पडीक वीटभट्टीवर लोक येतात, तोंडावर मास्क चढवतात आणि हवेच्या बंदुकांनी एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात. गोळी अंगावर फुटली की माणूस बाद. मी नावं नोंदवते, मास्क धुते, बंदुकीची गोळी फार जोरात तर जात नाही ना ते यंत्रावर मोजून देते. मोठमोठे साहेब कानात हिरवा रंग गेला म्हणून माझ्याकडे रडत येतात. मी कापसाने पुसून देते.

आमच्या मालकीणबाई पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. शाळा सुटली पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "नुसतं धावा नि मारा, लोकांना कंटाळा आलाय. गोष्ट पाहिजे. एखादी खरीखुरी लढाई घ्यायची, सगळ्यांनी ऐकलेली, आणि दिवसभर ती खेळायची."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वॉटर्लू घ्या."

"तुम्हाला हो काय माहीत वॉटर्लूचं?"

"चाळीस वेळा तरी लढलेय मी ती. कापायच्या टेबलावर."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते कोटाच्या खिशात विसरलेलं बिनपुठ्ठ्याचं पुस्तक, ज्याचं गिऱ्हाईक परत आलंच नाही. बाबांनी रात्री दुकान बंद केल्यावर टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, त्याखाली उशा घालून टेकडी करायची. निळी बटणं नेपोलियनची, लाल बटणं वेलिंग्टनची, आणि काळी बटणं वेलिंग्टनच्या मदतीला येणाऱ्या प्रशियनांची. ती सुयांच्या डबीत झाकून ठेवलेली, संध्याकाळी टेबलाच्या कडेने येणारी. तू तीन वर्षांचा असताना वेलिंग्टनच गिळलास, आणि बाबा डॉक्टरांना म्हणाले, "दोन दिवसांत परत मिळाला तर बरं, रविवारी लढाई आहे." तेव्हापासून तू बटण्या. शिट्टीबाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या.

तर ठरलं. जूनमध्ये, लढाईच्या तारखेला जवळ येणाऱ्या रविवारी. ऐंशी माणसं, निळ्या आणि लाल दंडपट्ट्या. आराखडा मी करायचा. पुस्तक कुठे गेलं ते सापडत नाही, आणि तुला ते तोंडपाठ होतं. म्हणून विचारते: लढाई सकाळी किती वाजता सुरू झाली? आणि इतक्या उशिरा का? बाबा काहीतरी कारण सांगायचे. मला नुसता त्यांचा खडू हवेत फिरताना दिसतो, शब्द ऐकू येत नाहीत.

दुसरंही विचारायचं होतं. तपकिरी बटणाबद्दल. ते राहू दे. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दिलंस तरी पुष्कळ.

तुझी,
ताई

•

२४ मे

चि. बटण्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड पोचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातच्या चार ओळी! आईने चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. "आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला. जमीन ओली. तोफा रुतत होत्या. वाळेपर्यंत थांबले. साडेअकराच्या आधी सुरू करू नकोस." खाली नाव नाही, काही नाही. आई म्हणाली, "हवामानाचा अहवाल पाठवलाय कार्ट्याने." पण कार्ड तिच्या उशाखाली आहे. मी मागितलं तर देत नाही.

तू डोंगरावरच्या वेधशाळेतला माणूस, तुझा शब्द म्हणून मी शिट्टीबाईंना सांगितलं की आदल्या दिवशी टँकर मागवून मैदान भिजवायचं. त्या म्हणाल्या, "अहो, लोक घसरून पडतील!" मी म्हटलं, "तेव्हाही पडले." कबूल झाल्या.

आता माणसं सांगते. नेपोलियन झालेत गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. एरवीही शेजारी बसून ओरडायची सवय, तेव्हा भूमिका फिट्ट आहे. वेलिंग्टन म्हणजे शाळेची बस चालवणाऱ्या बाई. त्या काही बोलत नाहीत, जागा सोडत नाहीत, आणि कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. मधलं शेतघर, ज्याच्या दारासाठी दिवसभर मारामारी झाली, ते आम्ही लाकडी फळ्या आणि जुन्या टायरांचं केलंय. प्रशियन बारा जण चार वाजेपर्यंत चहाच्या खोलीत बिस्किटं खात बसणार.

मैदानावर फोन बंद. हा नियम माझा. सेनापतींनी हुकूम कागदावर द्यायचा, कुणीतरी तो धावत न्यायचा, हरवला तर हरवला. काही ठरावीक हुकूम पाकिटात घालून मीच लिहून ठेवायचे, आणि ठरल्या वेळी पाठवायचे. माझं अक्षर बरं म्हणून.

आता ते तपकिरी बटण.

बाबा ते टेबलाच्या पार टोकाला, मोठ्या कात्रीपलीकडे ठेवायचे. सरदार ग्रूशी. नेपोलियनने त्याला तीसएक हजार माणसं देऊन प्रशियनांच्या मागावर धाडलेलं, आणि लढाईच्या दिवशी तो आलाच नाही. तोफा ऐकू येत होत्या तरी आला नाही. तू प्रत्येक वेळी भांडायचास, "येऊ द्या ना त्याला! एकदा तरी!" बाबा म्हणायचे, "नाही आला रे. पुस्तकात नाही आला." मग बाबा पाणी प्यायला उठले की तू ते बटण बोटभर पुढे सरकवायचास. बाबांना दिसायचं. त्यांनी ते कधीही मागे सरकवलं नाही.

तू कार्डात ग्रूशीचं नाव काढलं नाहीस. कसं काढशील? बाबा गेल्यावर तू पाचव्या दिवशी आलास, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हतीस, आणि काका भरल्या घरात म्हणाले, "या! लढाई संपल्यावर आमचे ग्रूशी आले." लोक हसले नाहीत, पण माना डोलावल्या. तू दारात उभा होतास. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हातात चहाचं गाळणं. मी ऐकलं. तू माझ्याकडे बघितलंस.

मी चहा गाळायला आत गेले.

आजपुरतं एवढंच लिहिते. मास्क वाळत घातलेत, ते उचलायचेत. या वेळी खेळात मी ग्रूशीला यायची संधी देणार आहे, एवढं सांगायला हे पत्र. पुस्तकात काहीही असो. साडेतीनला त्याच्या हातात चिठ्ठी पडेल, वेळेत, आणि तो येईल. तुझ्यासाठी.

तुझी,
ताई

•

२१ जून

प्रिय बटण्या,

आज आशीर्वाद शेवटी देते. आधी वाच, मग घ्यायचे की नाही ते ठरव.

काल लढाई झाली. अख्खी सांगते, कारण सांगितल्याशिवाय पुढचं मला लिहिता यायचं नाही.

साडेअकराला शिट्टी झाली. तुझ्या हिशेबाने केलेला चिखल इतका उत्तम की पहिल्या दहा मिनिटांत नेपोलियनचा एक बूट गेला. तो एका बुटावर ओरडत होता, "क्लच! क्लच दाब!" सवय. शेतघराचं दार चार वेळा पडता पडता वाचलं. आत एक म्हातारे टपालखात्यातले निवृत्त गृहस्थ होते, ते दाराला पाठ लावून बसले ते उठलेच नाहीत. बाद झालेली माणसं तंबूत यायची, रंग पुसायची, दहा मिनिटं थांबून परत जायची. मी पुसत होते आणि मला राहून राहून हसू येत होतं. बाबा असते तर तंबूत खुर्ची टाकून बसले असते आणि प्रत्येकाला सांगितलं असतं की त्याचा शर्ट खांद्यात चुकलाय.

ग्रूशी होते आमचे दातांचे डॉक्टर. फार सज्जन माणूस. "जरा दुखेल हं" असं खरं सांगणारे. त्यांना दहा निळी माणसं देऊन तळ्यापलीकडच्या शेतात बसवलं होतं. नियम असा की चिठ्ठी आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

साडेतीनला मी पाकीट पाठवलं. चारला प्रशियन बिस्किटांचा चुरा झटकत निघाले. निळ्यांची तारांबळ उडाली. नेपोलियन टायरवर चढून तळ्याकडे बघत होता. "कुठाय तो दातवाला? चिठ्ठी गेली ना?"

"गेली," मी म्हटलं. "पोचलीसुद्धा."

सव्वाचार झाले. साडेचार. तळ्याकडून कुणी येईना. पावणेपाचला निळे संपले. शिट्टी झाली. सगळे रंगाने माखलेले, हसत, खोकत तंबूपाशी जमले, आणि तेव्हा तळ्याच्या बाजूने डॉक्टर आले. कोरडे. अंगावर रंगाचा ठिपका नाही. मागे दहा कोरडी माणसं.

काय हुर्यो उडवली लोकांनी! "या, या, डॉक्टर! झोप झाली का?" "पुढची तारीख देऊन आला असाल!" नेपोलियन तर मनापासून चिडलेला. "अहो, एवढा आरडाओरडा ऐकू येत होता, कळत नाही का माणसाला?"

डॉक्टर बिचारे कानापर्यंत लाल. सरळ माझ्याकडे आले आणि चिठ्ठी पुढे केली. हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी चारदा वाचली. या लोकांनाही वाचून दाखवली. यात आत्ता या असं कुठे म्हटलंय, ते मला दाखवा."

बटण्या, मी पैजेवर सांगितलं असतं की मी 'ताबडतोब या' लिहिलंय. त्याचसाठी तर सगळा खटाटोप केला होता. मी चिठ्ठी घेतली. माझंच अक्षर. लिहिलं होतं:

"इकडे लढाई सुरू आहे, पण काळजीचं कारण नाही. आम्ही सांभाळतोय. तुमचं काम टाकून येण्याची घाई नको. सवडीने जवळ यावे."

मी तिथेच खोक्यावर बसले.

तुला ही वाक्यं ओळखीची वाटली असतील. वाटलीच असतील. तुझ्याकडे ती सहा वर्षं आहेत.

आता लिहिते. सहा वर्षांपूर्वी बाबांचे डॉक्टर म्हणाले होते, फार तर तीन आठवडे. बाबांनी त्याच दुपारी मला सांगितलं, "त्याला बोलाव." वर तुला फोन लागत नाही, पण तुझ्या खात्याच्या ऑफिसात निरोप दिला असता तर त्यांनी वायरलेसवरून तुला अर्ध्या तासात कळवलं असतं. तो नंबर दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता, माझ्या डोळ्यांसमोर. मी पत्र लिहिलं. गुरुवारी वर सामान नेणारी गाडी टपाल नेते, म्हणून गुरुवारी टाकलं. आणि त्यात लिहिलं की बाबांची तब्येत जरा नरम आहे, पण काळजीचं कारण नाही, आम्ही सांभाळतोय, काम टाकून येण्याची घाई नको, सवडीने ये.

बाबा रोज विचारायचे, "लिहिलंस ना त्याला?" मी म्हणायचे, "लिहिलं." खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर इतकं सोपं गेलं. दर गुरुवारी ते विचारायचे, "गाडी गेली असेल ना वर?" आणि दाराकडे तोंड करून निजायचे.

का केलं, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारलं नाही. काल खोक्यावर बसल्यावर विचारलं. दोन वर्षं मी त्यांना उठवत होते, बसवत होते, भरवत होते. ते माझ्यावर चिडायचे, चमचा ढकलायचे. मला ठाऊक होतं की तू दारात उभा राहिलास की त्यांचा चेहरा उजळेल, आणि मी बाजूला गाळणं घेऊन उभी असेन. मला ते शेवटचे दिवस माझे हवे होते. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडत नाही. मी तुझा द्वेष करत नव्हते रे. मला फक्त एकदा तू नको होतास.

आणि मग काका ते बोलले, तेव्हा पत्र तुझ्या पिशवीत असणार. तू काढून दाखवू शकला असतास. तू माझ्याकडे बघितलंस, आणि दाखवलं नाहीस. मला झाकलंस, आणि सगळं स्वतःवर घेऊन डोंगर चढून गेलास. मी प्रत्येक नव्या वर्षी तुला कानटोपीबद्दल लिहीत राहिले.

काल पुढे काय झालं ते ऐक.

मी खोक्यावर उभी राहिले. मला बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. शिट्टीबाईंना म्हटलं, शिट्टी मारा. ऐंशी माणसं गप्प झाली. मी म्हटलं, "डॉक्टर आले नाहीत यात त्यांचा काही दोष नाही. चिठ्ठी मी लिहिली होती. त्यांना लगेच यायला सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे." आणि चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. 'सवडीने' हा शब्द मी दोनदा वाचला. लोकांना वाटलं खेळ हरल्याचं दुःख झालंय बाईंना.

नेपोलियन एका बुटावर पुढे आला. डॉक्टरांचा हात धरून म्हणाला, "माफ करा हो. मी उगाच बोललो." मग माझ्याकडे वळून, "ताई, उजेड आहे अजून. शेवटचा तास परत खेळू. चिठ्ठी नीट लिहा."

प्रशियन कुरकुरले, त्यांची बिस्किटं संपली होती. पण सगळे परत जागेवर गेले. मी कागद घेतला. एकच शब्द लिहिला, आणि पाकिटात घालायची वाट न बघता मीच पळत नेला, तळ्याला वळसा घालून, चिखलातून, या वयात. डॉक्टरांनी वाचला, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "आता कसं! चला रे!"

आले रे ते, बटण्या. ग्रूशी आला. दहा निळी माणसं तळ्याच्या बाजूने ओरडत आली, आणि निळ्यांनी जो काही गलका केला! नेपोलियन टायरवरून खाली पडला आनंदाने.

तरी हरले. डॉक्टर तीन मिनिटांत बाद झाले, शाळेच्या बसवाल्या बाईंनी छातीवर बरोबर मधोमध लाल गोळी मारली. पण ते तंबूत आले तेव्हा हसत होते. मी रंग पुसायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. घरी दाखवायचाय."

तू आला असतास तरी बाबा गेलेच असते. हे मला माहीत आहे. पण तुझ्या अंगावरही रंग असता.

आज सकाळी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही, पण दाणे टरफलांच्या भांड्यात पडायला लागले. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? पत्र त्याला गेलं होतं. त्याला लिही." मी उठले तर मागून म्हणाली, "आणि तुझ्या काकांना मी सांगते. तुझ्याने व्हायचं नाही, तू परत चहा गाळायला जाशील."

म्हणजे त्या दिवशी आईलाही ते गाळणं दिसलं होतं.

शिट्टीबाई पुढच्या वर्षी परत हीच लढाई घेणार आहेत. तोवर थांबायचं नाही. या पाकिटात तपकिरी बटण घातलंय. टेबल अजून दुकानात आहे, हिरवं कापड मी कालच धुतलं. बटण तुझ्या हाताने आणून ठेव, हवं तिथे. आल्यावर माझ्याशी भांड, बोलू नकोस, काय वाटेल ते कर. मी दारातच उभी असेन, हात मोकळे ठेवून.

टपालाची गाडी गुरुवारी वर जाते, म्हणून या वेळी पत्रावर विसंबणार नाही. हे पाकीट टाकून मी तशीच तुमच्या ऑफिसात जाणार आहे. नंबर भिंतीवर अजून आहे, पण मला समोर बसून त्यांच्याकडून वायरलेसवर निरोप सांगून घ्यायचाय. तेव्हा हे पत्र तुला मिळेल त्याआधीच तो तुझ्या कानावर आलेला असेल. तरी इथेही लिहिते, माझ्या अक्षरात, म्हणजे तुझ्याकडे आधीच्या पत्राशेजारी ठेवायला हेही राहील.

सवडीने नको.

ये.

अनेक आशीर्वाद, घेशील तर.

तुझी,
ताई